राहूद्यांची भुवई

"प्रमाणपत्र पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे मॅडम, पाहणारच होतो," तपासनीस म्हणाले. "पण ते आतल्या कपाटात होतं, कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या घरी होती आणि घरी पाहुणे आले होते. म्हटलं, राहू द्या."

"बरं, वापरलेल्या सुया कुठे टाकतात, ते?"

"तो डबा वरच्या फळीवर होता. तिथल्या मुलीला बिचारीला स्टूल आणावं लागलं असतं. म्हटलं, राहू द्या."

"आणि चहा?"

"चहा चांगला होता," तपासनीस म्हणाले. हे उत्तर द्यायला नको होतं हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे 'राहूद्या' म्हणायचं ते यामुळेच. सुरकुत्या पुसणारी, ओठ फुगवणारी, डोक्यावर केस लावणारी आणि इतर ठिकाणचे काढणारी जी क्लिनिकं गल्लोगल्ली निघाली आहेत, ती तपासायचं काम या ऑफिसकडे होतं. टोचणारा माणूस खरोखर डॉक्टर आहे ना, औषधाची बाटली कधी उघडली, ती थंड जागी ठेवतात ना, एका माणसाची सुई दुसऱ्याला लावत नाहीत ना, एवढंच बघायचं. पण बघायचं म्हणजे आधी 'दाखवा' म्हणायला हवं, आणि तो शब्द राहूद्यांच्या घशाशी येऊन अडकायचा. माणूस अत्यंत सरळ. तपासणीत कोणी दुसरं बिस्कीट पुढे केलं तर तेही घ्यायचे नाहीत. फक्त समोरच्याला अवघडल्यासारखं होईल या विचारानेच त्यांना घाम फुटायचा. पैसे खाणारा तपासनीस एक वेळ परवडतो, त्याच्यावर नजर तरी ठेवता येते. भिडस्त तपासनिसाचं काय करायचं हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

"वर्षभर तुमचा एकच शेरा चाललाय, 'समाधानकारक'," मॅडम म्हणाल्या. "त्यातल्या एका क्लिनिकातला डॉक्टर गेल्या वर्षीपर्यंत टायर विकत होता, हे माहीत आहे?"

"पण बोलायला फार चांगला होता हो मॅडम."

मॅडमच्या कपाळावर तीन आठ्या होत्या. दोन कायमच्या आणि तिसरी प्रसंग पाहून पडणारी. ती तिसरी आता पडली.

"हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर कपाळाच्या सुरकुत्या घालवणारं एक नवीन क्लिनिक निघालंय. तिथल्या बाईला सगळे डॉक्टरताई म्हणतात, पण ती डॉक्टर आहे की नुसतीच ताई, हे कोणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईक बनून जायचं. तिने सुई उचलली की ओळखपत्र काढायचं आणि विचारायचं, तुमचं प्रमाणपत्र कुठे आहे. सुई उचलल्यावर आणि टोचायच्या आधी. जमेल?"

"जमेल."

"नाही जमलं तर तुमची बदली भांडारात. खाली तळघरात बसून फिनेलच्या बाटल्या आणि झाडू सांभाळायचे." मग मॅडमनी टेबलाच्या काचेत स्वतःकडे पाहिलं, कपाळावरून एक बोट फिरवलं आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तशी गर्दी असते म्हणे तिथे. बायका खूश आहेत असं ऐकते."

भांडारातल्या फिनेलच्या वासाचं राहूद्यांना काही नव्हतं. पण घराच्या दारावरची पाटी बायकोने हौसेने रंगवून घेतली होती आणि तिच्यावर नावापेक्षा 'तपासनीस' हा शब्द मोठा होता. भाजीवाल्याने सडके टोमॅटो घातले तरी पिशवी पुढे धरणाऱ्या नवऱ्यात तिला अभिमान वाटावं असं तेवढंच होतं. ती पाटी खाली उतरवायला तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, या काळजीतच ते क्लिनिकचा जिना चढले.

वर सगळं पांढरंशुभ्र होतं. पांढरे सोफे, पांढरे पडदे आणि कोपऱ्यात विजेवर चालणारं छोटं कारंजं. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडीजोडीने फोटो लावलेले होते. त्यांतला फरक मुख्यतः दिव्याच्या उजेडाचा वाटत होता. राहूद्या ते बघत असतानाच डॉक्टरताई बाहेर आल्या. गोल चेहरा, कडक इस्त्रीचा कोट आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं हसू.

"या दादा. कपाळ ना?"

"मी... हो."

"दिसतंच आहे. किती काळजी करता हो! झोपा बघू."

एवढ्या आपुलकीने कोणी झोपा म्हणाल्यावर उभं राहणं राहूद्यांना प्रशस्त वाटेना. ते झोपले. डॉक्टरताईंनी गळ्यापर्यंत एक कापड पसरलं. कापडाच्या आत राहूद्यांचा हात खिशातल्या ओळखपत्रावर घट्ट होता. सुई उचलली की बोलायचं. टोचायच्या आधी. ते मनातल्या मनात घोकत होते.

डॉक्टरताईंनी सुई उचलली. पण त्या त्याच वेळी बोलत होत्या.

"काय सांगू दादा, माझी नणंद आली आणि म्हणाली, मी काही राहायला आलेली नाही, आणि बॅग उघडून बघते तर थंडीचे कपडे, आता थंडीला अजून चार महिने, तर मी आपलं सहज विचारलं की भाऊजी कधी न्यायला येणार, तर त्यावर तिला हुंदका, आणि नेमकी तेव्हाच सासूबाई आत आल्या, आणि..."

समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचं नाही, हे राहूद्यांना लहानपणी घरात शिकवलं होतं आणि शिकवलेलं ते विसरत नसत. हे वाक्य संपलं की बोलू, असं त्यांनी ठरवलं. वाक्य संपेना. नणंदेच्या हुंदक्यापासून ते नणंदेच्या नवऱ्याच्या मोटारसायकलपर्यंत गेलं आणि तिथून शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे वळलं. राहूद्या पूर्णविरामाची वाट बघत राहिले. सुईने काही वाट पाहिली नाही.

"दुखलं?"

"छे, छे."

"दुखणारच नाही. हात कसा बसलाय बघा माझा! वर्षानुवर्षं नाजूक काम केलंय. पाकळ्या, वेली, एवढाल्या कळ्या. हात जरा हलला की संपलं. तर तो कुत्रा..."

उजवी बाजू पूर्ण झाली तेव्हा कुठे डॉक्टरताईंनी दम घेतला. राहूद्या ताडकन उठून बसले. "डॉक्टरताई, मी खरं म्हणजे..." त्यांनी ओळखपत्र अर्धं बाहेरही काढलं.

"काय झालं हो दादा? चक्कर येतेय का? पाणी देऊ? माझं काही चुकलं का?"

डॉक्टरताईंच्या डोळ्यांत इतकी काळजी होती की ओळखपत्र आपोआप परत खिशात गेलं.

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मग डावी बाजू करून टाकू?"

"राहू द्या," राहूद्या म्हणाले, आणि अर्धंच कपाळ टोचून घेऊन जिना उतरले.

दोन दिवस काहीच झालं नाही. राहूद्यांनी डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली आणि मॅडमना काय सांगायचं याचा विचार करत घरी बसले. बाईने टोचेपर्यंत मी तिचं बोलणं संपायची वाट बघत होतो, असं कोणत्या ऑफिसात सांगता येतं? तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला बसले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवला.

"असे काय बघताय?"

"कसा बघतोय?"

"असे. सगळं कळल्यासारखे."

राहूद्यांना काहीच कळलं नव्हतं. म्हणून ते गप्प राहिले.

"बरं, सांगते," बायको म्हणाली. "तुमच्या आरामखुर्चीला वाळवी लागली नव्हती. मी ती माझ्या भावाला दिली."

"दिलीस?"

"आणि ड्रिल मशीनही. असं बघू नका हो! आणि मागच्या महिन्यात तुमच्या मावशींचा फोन आला होता, तो मीच सांगितला नाही. झालं? आता एवढंच आहे."

राहूद्या उठून आरशासमोर गेले. कपाळाची उजवी बाजू गाढ झोपली होती. इकडची भुवई डोळ्यावर आडवी पडली होती. आणि तिच्या वाटणीचंही काम अंगावर घेतल्यासारखी डावी भुवई उठून पार केसांच्या दिशेने निघाली होती. राहूद्यांनी ती बोटाने खाली दाबली. बोट काढलं की पुन्हा वर. मनातून ते रडकुंडीला आले होते, पण आरशातला माणूस त्यांच्याकडे असा बघत होता, की चल, खरं काय ते बोल.

असं तोंड घेऊन मॅडमसमोर जायचा त्यांना धीर होईना. म्हणून ऑफिसला जाताना वाटेतल्या एका क्लिनिकात ते नेहमीच्या तपासणीला शिरले. केस उगवण्याचं क्लिनिक होतं. डॉक्टर हसत पुढे आला. हसता हसता त्याचं लक्ष भुवईकडे गेलं.

"या साहेब, या. चहा सांगू?"

राहूद्या काही बोलले नाहीत. बोलायला गेलं की भुवई आणखी वर जाते असं त्यांना वाटत होतं.

"प्रमाणपत्र ना? ते आत कपाटात आहे," डॉक्टर म्हणाला.

राहूद्या सवयीने 'राहू द्या' म्हणणार, तेवढ्यात डॉक्टर खुर्चीत बसला आणि त्याने डोकं धरलं.

"नाही साहेब, कपाटात नाही. तुमच्यापासून काय लपवायचं? प्रमाणपत्र माझं नाहीच. माझ्या भावाचं आहे."

"भावाचं?"

"खरं तर तोही डॉक्टर नाही."

दुपारी मॅडमनी हे सगळं ऐकलं आणि त्यांची तिसरी आठी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मावळली.

"एवढं कबूल करून घेतलंत? कसं काय?"

"मी काहीच केलं नाही मॅडम," राहूद्या म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

"आणि ती कापडाच्या दुकानावरची बाई? तिने सुई उचलली तेव्हा विचारलंत?"

खरं बोलायची हीच वेळ होती. राहूद्यांच्या डोळ्यांसमोर तळघर आलं, दारावरची पाटी आली, आणि 'टोचून घेऊन आला' म्हणून खिदळणारं सगळं ऑफिस आलं.

"तिथे काही आक्षेपार्ह आढळलं नाही," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या भुवईकडे निरखून पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"तुमच्यासारख्या माणसालासुद्धा तिथे काही सापडलं नाही, म्हणजे ती बाई चोख असणार. द्या तसं लिहून." राहूद्यांनी लिहून दिलं. एक प्रत क्लिनिकला गेली. मॅडमनी जाता जाता टेबलाच्या काचेत पुन्हा एकदा कपाळ बघून घेतलं.

त्यानंतरचे दिवस राहूद्यांच्या आयुष्यात पुन्हा येणे नाही. ते क्लिनिकात शिरायचे, गप्प उभे राहायचे आणि समोरचा बोलायला लागायचा. एकाने मुदत संपलेल्या बाटल्या न विचारता टेबलावर आणून मांडल्या. दुसरीने सांगितलं की तिची पदवी तीन दिवसांच्या शिबिरात मिळालेली आहे आणि त्यातला एक दिवस सहलीचा होता. एक खरा डॉक्टर, ज्याचं सगळं नियमात होतं, तोही घाबरून शाळेत कॉपी केल्याचं कबूल करून मोकळा झाला. ऑफिसात 'राहूद्या' हे नाव आता दबक्या आवाजात घेतलं जाऊ लागलं.

घरीही तोच दबदबा होता. भाजीवाला न सांगता टोमॅटो निवडून द्यायला लागला. एके दिवशी बायकोचा भाऊ स्वतः ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहिला. "भाऊजी, तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला समजतं," असं म्हणून त्याने आरामखुर्चीही उद्या आणून द्यायचं कबूल केलं. बायको दारावरची पाटी रोज पुसायला लागली. राहूद्यांना हे सगळं मनापासून आवडलं. आवडणारच. जन्मभर ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्याला न बोलता ऐकणारे मिळाले होते. डॉक्टरताईंच्या पांढऱ्या सोफ्यांची आठवण अधूनमधून यायची, मनाला टोचायची, आणि मग कोणीतरी काहीतरी कबूल करायचं आणि ती आठवण मागे पडायची.

पण अशा इंजेक्शनाचा परिणाम काही जन्माला पुरत नाही. हळूहळू उजवी बाजू जागी व्हायला लागली आणि डावी भुवई ओसरायला लागली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका क्लिनिकात डॉक्टरने कबुली अर्ध्यावर आणली आणि भुवईकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या साहेब, चहा घेऊ." भाजीवाल्याने दोन टोमॅटो सडके घातले. आणि एका संध्याकाळी मेहुणा आला, जरा वेळ राहूद्यांच्या तोंडाकडे बघत बसला आणि म्हणाला, "भाऊजी, ते ड्रिल मशीन पुन्हा लागणार होतं जरा." राहूद्यांनी ते काढून दिलं.

नेमकं त्याच सुमाराला मॅडमनी त्यांना फोनवर सांगितलं, "पथकप्रमुख म्हणून तुमचं नाव पाठवतेय. सोमवारी शहरातलं सगळ्यात मोठं क्लिनिक तपासायचं. मी स्वतः बरोबर येऊन बघणार आहे." मॅडम दोन-तीन दिवस सर्दी म्हणून रजेवर होत्या, पण आवाज अगदी मोकळा होता.

राहूद्या आरशासमोर उभे राहिले. दोन्ही भुवया एका रेषेत होत्या. डावी तेवढी किंचित वर होती, पण तिला आता कोणी घाबरलं नसतं. आरशातून त्यांच्याकडे जुना राहूद्या बघत होता आणि तो चहा घेऊन परत येणार होता. त्यांनी कपाळापर्यंत टोपी ओढली आणि जे करायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलं होतं तेच करायला निघाले. शहरात अशी भुवई करून देणारं एकच ठिकाण त्यांना माहीत होतं.

क्लिनिकच्या दारातच त्यांचे पाय थबकले. कारंज्याच्या वर, सगळ्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंच्या मधोमध सोनेरी चौकटीत एक कागद लावला होता. 'आक्षेपार्ह काही आढळले नाही.' खाली राहूद्यांची सही. त्याखाली प्लास्टिकच्या फुलांचा छोटा हार. एक बाई पदरात मूल घेऊन तो कागद वाचत होती आणि शेजारणीला सांगत होती, "बघ ना, सरकारने तपासलेलं आहे. म्हणून तर आले." राहूद्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. इतके दिवस आपली भुवई वर होती आणि तिच्या जोरावर आपण इथे माणसं झोपवत होतो, हे त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "सरळ करून द्या हे! सोमवारच्या आत!"

"बसेल हो ताई, आपोआप बसेल. दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या की चेहरा बेकरीतून आणल्यासारखा दिसतो."

पडदा सरकला आणि मॅडम बाहेर आल्या. कपाळावर एकही आठी नव्हती. आणि उजवी भुवई केसांच्या दिशेने निघालेली होती.

दोघंही जागच्या जागी थिजले. मॅडमच्या मनात त्या क्षणी लाजेशिवाय काहीही नव्हतं, पण ते चेहऱ्यावर दिसायची सोय राहिली नव्हती. राहूद्यांना दिसली ती फक्त भुवई. सगळं कळल्यासारखी. आणि जे तशाच भुवईसमोर अर्ध्या शहराचं झालं होतं तेच त्यांचं झालं.

"सांगतो मॅडम," ते म्हणाले. "सगळं सांगतो. मी इथे काहीही तपासलं नाही. डॉक्टरताई नणंदेबद्दल बोलत होत्या, मी वाक्य संपायची वाट बघत होतो, आणि त्यांनी टोचलं. तो कागद खोटा आहे. माझा धाक, ती कबुली, सगळं या अर्ध्या इंजेक्शनाचं होतं. आणि आज मी दुसरं घ्यायला आलोय."

मूल घेऊन आलेली बाई हळूच उठून जिन्याकडे गेली.

"म्हणजे," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुमचा कागद वाचून मी इथे झोपले."

"हो मॅडम. तुम्ही रागावलात का?"

"तुम्हाला काय दिसतंय?"

"काहीच कळत नाही."

"मग समजा, रागावले." मॅडम डॉक्टरताईंकडे वळल्या. "तुमचं प्रमाणपत्र?"

"आत कपाटात आहे," डॉक्टरताई म्हणाल्या. "काढू?"

राहूद्यांच्या तोंडून 'राहू' एवढं बाहेर पडलं. पुढचं त्यांनी गिळलं.

"काढा," मॅडम म्हणाल्या.

कपाटातून प्रमाणपत्र निघालं आणि ते अगदी अस्सल होतं. केकवर आयसिंगची फुलं काढण्याच्या वर्गात डॉक्टरताई पहिल्या आल्या होत्या. "हात तोच ना ताई," त्या काकुळतीने म्हणाल्या. "तिथेही पिचकारीच असते, आणि तिथे कधी कोणाची तक्रार नाही." त्याच संध्याकाळी क्लिनिकला कुलूप लागलं. सोनेरी चौकट राहूद्यांनी स्वतः भिंतीवरून उतरवली.

सोमवारी मोठ्या क्लिनिकच्या पायऱ्या चढताना मॅडम म्हणाल्या, "पथकप्रमुखाचं विसरा. आता विषय एवढाच आहे की तुम्ही तपासनीस राहणार की भांडारात जाणार. आत गेल्यावर विचारायचं तुम्ही. मी तोंड उघडणार नाही."

"हो मॅडम," राहूद्या म्हणाले. सकाळी निघताना बायको पाटी पुसत होती. त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, आणि भुवई खाली आल्यापासून तीही काही सांगत नव्हती.

तिथली डॉक्टर म्हणजे पिकल्या केसांची, भराभर चालणारी बाई होती. तिने चहा विचारला नाही. मॅडमच्या भुवईला ती घाबरलीही नाही. उलट चष्मा वर करून जवळ आली, आधी मॅडमचं कपाळ बघितलं, मग राहूद्यांचं.

"यांचं उतरत आलंय, तुमचं ताजं आहे," ती म्हणाली. "टोचण्यातली चूक एकाच हाताची दिसते. दोघं एकाच ठिकाणी गेला होतात का?"

राहूद्यांनी बुटांकडे पाहिलं. मॅडमनी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं ते त्या विसरल्या. "हे खाली बसेल का हो?"

"इथे दोन थेंब दिले की झालं. हवं तर आत्ता देते. झोपा."

मॅडम झोपल्यासुद्धा. इतक्या लगेच की राहूद्यांना आश्चर्य वाटलं. डॉक्टरने हातमोजे चढवले, सुई भरली आणि बोलायला सुरुवात केली. "त्याचं असं आहे, हा स्नायू कपाळाला वर ओढतो आणि तो खाली, आणि एकाला झोपवलं आणि दुसरा जागा राहिला की तो जास्तच ओढायला लागतो, तर आता आपण काय करणार, की या बाजूला अगदी थोडं..."

सुई उचललेली होती. वाक्य चाललेलं होतं. राहूद्यांच्या कपाळावर घाम आला, दोन्ही बाजूंना सारखा. भुवई जागच्या जागीच होती, तिच्याकडून मदत मिळणार नव्हती. बाई बोलायला चांगली होती, ज्ञानही दिसत होतं, आणि अर्ध्यात तोडलं तर तिला काय वाटेल?

"थांबा!" राहूद्या म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की तो कोणाचा म्हणून त्यांनीच इकडेतिकडे पाहिलं. "आधी प्रमाणपत्र. आणि ती बाटली कधी उघडली, ते."

सुई हवेत थांबली. कॉटवरून मॅडमचा केविलवाणा आवाज आला, "अहो, दिसतंय ना डॉक्टर आहेत ते. राहू द्या!"

"नाही मॅडम," राहूद्या म्हणाले. "दाखवा."

डॉक्टरने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सुई खाली ठेवली. "बाटली सकाळीच उघडली, तारीख वर लिहिली आहे, घ्या बघा," ती म्हणाली. "आणि प्रमाणपत्र तुमच्या पाठीमागे भिंतीवर आहे."

राहूद्यांनी बाटलीवरची तारीख पाहिली. मग वळून पाहिलं. भिंतीवर खिडकीएवढ्या चौकटीत प्रमाणपत्र होतं, नावासकट आणि शिक्क्यासकट. त्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचून होईपर्यंत मॅडम एक भुवई वर करून पडून राहिल्या.